पेरूची भावकी

घरात लग्न निघालं की पत्रिका कुणाकुणाला द्यायच्या याची यादी होते. आमच्याकडं जत तालुक्यात त्या यादीचे सरळ दोन भाग पडतात. एक भावकी आणि दुसरे पाहुणे. भावकी म्हणजे एकाच मूळ घरातून फुटलेली घरं. कुणी पुण्याला गेलेलं असतं, कुणी विजापूरला, कुणी गावातच. कुणी उंच, कुणी बुटकं. एखाद्या घराशी बोलणंसुद्धा नसतं. तरी भावकी ती भावकीच! उलट शेजारचे एक काका आपल्या काकांसारखे हुबेहूब दिसतात, म्हणून काही त्यांचं नाव कुणी भावकीच्या यादीत घालत नाही.

मित्रांनो, झाडांचंही असंच असतं बरं का! त्यांचीही भावकी असते. वनस्पतिशास्त्रात तिला 'कुल' म्हणतात. आज तुम्हाला पेरूच्या भावकीची गोष्ट सांगते. ही भावकी आम्हाला सापडली ती शाळेत ताटल्या धुवायच्या जागेपाशी.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, चौथीपर्यंतची. कर्नाटकाची हद्द इथून जवळच आहे. त्यामुळं वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी कन्नड बोलतात आणि शाळेत मराठी. हा भाग दुष्काळी. मृगात ढग येतात, गडगडतात आणि पुष्कळदा तसेच पुढं निघून जातात. इथं बोरी, बाभळी, लिंब टिकतात. ज्यांच्या विहिरीला पाणी आहे त्यांच्या डाळिंबाच्या नाहीतर द्राक्षांच्या बागा असतात. अशा ठिकाणी शाळेच्या आवारात फळझाड वाढवणं म्हणजे सोपं काम नाही.

पण आमच्या आवारात एक झुडूप आपलं आपणच वाढलंय. दुपारी खिचडी खाऊन झाली की मुलं जिथं हात आणि ताटल्या धुतात, तिथलं पाणी एका लहानशा चरातून कुंपणाकडं जातं. त्या चराच्या काठी काही वर्षांपूर्वी पेरूचं एक रोप उगवलं. ते कुणी लावलं नव्हतं. कुण्या पोपटानं बी टाकलं, की कुण्या मुलानं खाऊन फेकलेल्या फोडीतलं रुजलं, कुणास ठाऊक! आता ते माझ्या डोक्याच्या वर गेलंय. जमिनीपासूनच तीन फांद्या फुटल्यात, म्हणून झाडापेक्षा झुडूपच म्हणावं असं. मागच्या हिवाळ्यात त्याला पहिल्यांदा फळं आली. फळं लहान, देठाकडं निमुळती आणि बियांनी गच्च भरलेली. मुलांनी ती पिकूसुद्धा दिली नाहीत!

यंदा जूनमध्ये शाळा उघडली आणि शाळा व्यवस्थापन समितीची बैठक झाली. समितीतल्या आप्पांची डाळिंबाची बाग आहे. शाळेवर त्यांचा फार जीव. बैठक संपल्यावर ते त्या झुडपापाशी थांबले आणि म्हणाले, "बाई, ह्ये काढून टाकू. बियाचा प्येरू ह्यो. ह्याची जातच रानटी. मी लखनौची दोन कलमं आणून देतो. पोरांस्नी चांगली फळं तरी मिळतील."

बोलणं मायेचंच होतं. पाणी थोडं, तेव्हा ते चांगल्या झाडाला द्यावं हा त्यांचा हिशोबही खोटा नव्हता. पण शेजारी माझी चौथीची मुलं उभी होती. त्यातल्या एकानं हळूच विचारलं, "बाई, पेरूलापण जात असते?"

आमच्या भागात हा शब्द मुलांच्या कानावर कुठं कुठं पडतो, ते मला ठाऊक आहे. म्हणून मी घाईनं उत्तर दिलं नाही. आप्पांना म्हटलं, "आम्हाला आठ दिवस द्या. हे झुडूप कोण आहे, ते मुलं तुम्हाला पाहून सांगतील."

आप्पा हसले. "प्येरूच की! आनि कोन?" म्हणाले. "बरं, पुढच्या सोमवारी मी कुदळ घिऊन येतो."

झालं! दुसऱ्या दिवसापासून परिसर अभ्यासाचा तास झुडपापाशी भरू लागला. मी एकच नियम केला. जे दिसतं, हाताला लागतं, नाकाला कळतं तेवढंच वहीत लिहायचं. 'पेरू' हा शब्द लिहायचा नाही. ज्यानं झाड कधी पाहिलेलं नाही त्यालाही वही वाचून ते ओळखता आलं पाहिजे. वनस्पतिशास्त्रज्ञ झाडाचं वर्णन लिहितात ते असंच.

पहिला दिवस खोडाचा. साल पातळ, तपकिरी. तिचे पापुद्रे सुटतात आणि खाली हिरवट, गुळगुळीत खोड दिसतं. मग कोवळ्या फांद्या. एरवी वर्गात फारसा न बोलणारा एक मुलगा शेंड्याची डहाळी बोटांत फिरवत होता. त्याच्या घरी कन्नड बोलतात. तो एकदम म्हणाला, "बाई, ही गोल नाही. हिला चार कोपरे आहेत!" सगळ्यांनी बोटं फिरवून पाहिली आणि खरंच! पेरूची कोवळी डहाळी चौकोनी असते. जून झाली की ती गोल होते. इतकी वर्षं पेरू खातोय आपण, पण हे किती जणांनी पाहिलंय?

दुसरा दिवस पानांचा. पानं समोरासमोर, जोडीजोडीनं. पट्टीनं मोजली तर आठ ते बारा सेंटिमीटर लांब. कडा साध्या, दातेरी नाहीत. मधल्या शिरेपासून दोन्हीकडं पुष्कळ शिरा निघतात. वरून त्या आत रुतल्यासारख्या दिसतात आणि खालून उठून दिसतात. खालच्या बाजूला बारीक लव. पान चुरगाळलं की पेरूचा वास येतो. एका मुलीनं कोवळं पान उन्हाकडं धरलं आणि भिंगातून पाहिलं. आत बारीक बारीक उजळ ठिपके! त्या तेलाच्या ग्रंथी. वास येतो तो त्यांतल्या तेलाचा.

तिसऱ्या दिवशी फूल. मृगाच्या सुरुवातीला पेरूला बहर येतो, त्यामुळं कळ्या-फुलं तयारच होती. कळी हिरव्या आवरणात पूर्ण झाकलेली. उमलताना ते आवरण वेडंवाकडं फाटतं. आत चार-पाच पांढऱ्या पाकळ्या आणि मध्ये पांढऱ्या केसरांचा झुबका. ते केसर मोजायला दोन गट केले. एक गट दीडशेला दमला. दुसरा अडीचशेच्या पुढं गेला आणि घंटा झाली!

मग मी विचारलं, "फळ कुठं धरतं, पाकळ्यांच्या वर की खाली?" मुलांनी नीट पाहिलं. पाकळ्या आणि केसर वर, आणि फुगीर हिरवा भाग त्यांच्या खाली. म्हणून तर पिकलेल्या पेरूला देठाच्या विरुद्ध टोकाला वाळक्या पाकळीसारखा मुकुट असतो. वांग्याची टोपी पाहा बरं! ती देठाकडं असते, कारण वांग्याच्या फुलात फळ धरतं ते पाकळ्यांच्या वरच्या अंगाला. टोपी कुठं आहे एवढ्यावरून फूल कसं होतं ते फळ पाहून सांगता येतं. गंमत आहे की नाही?

वही तयार झाली. आता या खुणा घेऊन भावकी शोधायची. खुणा अशा होत्या: पानं साधी, चुरगाळली की वास येणारी. पानांत उजळ ठिपके. केसर पुष्कळ. फळाचा मुकुट देठाच्या विरुद्ध टोकाला.

एक मुलगी लगेच लिंबाचं पान घेऊन आली. वास आहे, ठिपकेही आहेत! मग लिंबू भावकीतलं का? मुलांनी बाकीच्या खुणा लावून पाहिल्या. लिंबाची पानं एकाआड एक. लिंबाची वाळकी टोपी देठाकडं. म्हणजे दोन खुणा जुळल्या आणि बाकीच्या हुकल्या. लिंबू भावकीत नाही. एका खुणेवरून कुणाला आपलं किंवा परकं ठरवायचं नाही, हे त्या दिवशी वर्गाला मी न सांगताच कळलं.

मग देवळामागचं जांभूळ पाहिलं. पानं समोरासमोर, ठिपके आहेत, केसरांचा झुबका आहे, फळाच्या टोकाला बारीक गोल कड आहे. आलं भावकीत! रस्त्याकडेची नीलगिरी पाहिली. तिची सालसुद्धा पापुद्र्यांनी सुटते. पानाचा वास तर सर्दी झालेल्या प्रत्येकाला माहीत. तिच्या कळीवर चक्क झाकण असतं आणि फूल उमलताना ते गळून पडतं. तिचं शास्त्रीय नाव युकॅलिप्टस. त्याचा अर्थच मुळी 'नीट झाकलेलं'. हे नाव फ्रेंच शास्त्रज्ञ लेरितिए यांनी १७८८ साली दिलं. तीही भावकीत.

आणि चौथा भाऊबंद निघाला स्वयंपाकघरातून. मुलांना मी घरून दोन-दोन लवंगा आणायला सांगितल्या आणि रात्रभर पाण्यात भिजवल्या. लवंग म्हणजे न उमललेली वाळवलेली कळी. तिची दांडी म्हणजे खालचा फळ धरणारा भाग. वरचे चार दात म्हणजे मुकुट. त्यावरची गोल गोळी म्हणजे मिटलेल्या पाकळ्या. ती गोळी सुईनं उघडली तर आत गुंडाळून बसलेला केसरांचा झुबका! "बाई, हा तर बारका पेरूच!" एक जण ओरडला.

बघा, पेरू मूळचा अमेरिकेच्या उष्ण भागातला. नीलगिरी ऑस्ट्रेलियाची. लवंग इंडोनेशियाच्या मोलुक्का बेटांवरची. आणि जांभूळ आपलं, इथलंच. चौघांची गावं चार दिशांना, पण घराणं एक. शास्त्रात त्याला 'मिर्टेसी' म्हणतात. मिर्टस म्हणजे विलायती मेंदी, तिच्यावरून ते नाव पडलं. मराठीत मात्र आपल्या जांभळाचा मान ठेवून त्याला 'जंबुल कुल' म्हणतात. साऱ्या जगात या कुलात पाच हजारांहून जास्त जाती आहेत.

मग राहिलं डाळिंब. त्याचा मुकुट तर सगळ्यांत झोकदार! केसर पुष्कळ, पानंही बहुधा समोरासमोर. वर्गात मत घेतलं तेव्हा सगळ्यांनी डाळिंबाला भावकीत घातलं. आप्पांच्या बागेतून एक फांदी आणली आणि पान चुरगाळलं. तसा वास नाही. उन्हाकडं धरलं. ठिपके नाहीत. मुलांचे चेहरे उतरले. पण शास्त्रज्ञांनीही यावर पुष्कळ खल केलाय. पूर्वी ते डाळिंबाचं एक स्वतंत्र कुलच मानत. आता डी.एन.ए.ची तपासणी झाल्यावर ते मेंदीच्या कुलात धरतात, तेच आपण हातावर रंगवतो त्या मेंदीच्या! मात्र मेंदीचं कुल आणि पेरूचं कुल एकाच मोठ्या 'गणा'त येतात. मी मुलांना सांगितलं, गण म्हणजे गाव समजा. डाळिंब आणि पेरू यांची भावकी वेगळी, पण गावकी एक.

आणि खरी गंमत तर पुढंच आहे. पेरूचं शास्त्रीय नाव सिडियम ग्वाजावा. त्यातलं 'सिडियम' हे डाळिंबाच्या ग्रीक नावावरून आलेलं आहे! नवं फळ दिसलं की माणूस त्याला ओळखीच्या फळाचं नाव देतो. पोर्तुगीज लोकांबरोबर पेरू आपल्याकडं आला असं मानतात. त्यांच्या भाषेत नासपतीला 'पेरा' म्हणतात, त्यावरूनच आपला पेरू असं सांगतात. हिंदीतला 'अमरूद' शब्द फारसी, आणि फारसीत त्याचा अर्थ नासपतीच. विदर्भात पेरूला जांब म्हणतात. नावं किती, झाड एकच.

तेव्हा मी त्या डहाळीवाल्या मुलाला विचारलं, "तुझ्या घरी काय म्हणतात रे?" तो आधी गप्प. मागं एकदा तो शब्द वर्गात निघाला तेव्हा दोघं-तिघं हसली होती. मग म्हणाला, "पेरलहण्णु." मी तो फळ्यावर लिहिला, पेरूच्या शेजारी. वर 'सिडियम ग्वाजावा' लिहिलं. म्हटलं, "हे वरचं नाव मराठीचं नाही आणि कन्नडचंही नाही. जगातल्या कुठल्याही माणसानं ते वाचलं तर त्याला हेच झाड कळतं. पण घरी हाक मारायची ती घरच्या नावानंच." त्या दिवशी कुणी हसलं नाही. दोघांनी तर तो शब्द वहीत उतरवून घेतला.

राहिला जातीचा प्रश्न. मी फळ्यावर दोन शब्द लिहिले, जाती आणि वाण. ज्यांचा पराग एकमेकांना चालतो, बी धरतं, ते बी रुजतं आणि त्या झाडालाही पुढं फळं-बिया येतात, त्यांची जाती साधारणपणे एक समजतात. त्याच जातीत कुणी गोड, कुणी तुरट, कुणी आतून पांढरा, कुणी लाल असेल, तर ते वाण.

ही गोष्ट मोठमोठ्यांनाही सहज सुटलेली नाही. झाडांना दोन शब्दांची नावं देण्याची पद्धत रूढ करणारे स्वीडनचे कार्ल लिनियस यांनी १७५३ साली आपल्या ग्रंथात पेरूला सिडियम ग्वाजावा हे नाव दिलं. पुढं १७६२ च्या आवृत्तीत त्यांनी पेरूच्या दोन जाती केल्या. नासपतीसारख्या निमुळत्या फळांची एक आणि सफरचंदासारख्या गोल फळांची दुसरी. नंतरच्या शास्त्रज्ञांनी पाहिलं तर खोड, पान, फूल सगळं सारखं. फरक काय तो फळाच्या आकाराचा. त्यांनी दोन्ही पुन्हा एकाच जातीत आणून ठेवल्या आणि १७५३ चं नाव कायम राहिलं.

"म्हणजे बाई, आपला पेरू आणि लखनौचा पेरू एकाच जातीचे?"

"एकाच."

"अन् माणसं?"

"माणसांचीही जाती एकच. होमो सेपियन्स. शास्त्रात तिचं दुसरं नाव नाही."

ज्या मुलानं पहिल्या दिवशी तो प्रश्न विचारला होता, त्यानं हे वाक्य वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

सोमवारी आप्पा आले. हातात कुदळ आणि पिशवीत दोन कलमं. मुलांनी त्यांना झुडपापाशी उभं करून सगळी वही वाचून दाखवली. त्यांनी डहाळी बोटांत फिरवली. "आयला, चौकोनीच की!" म्हणाले. मग मी त्यांना एक गोष्ट सांगितली. ते ज्याला लखनौ म्हणतात तो लखनौ-४९, म्हणजेच सरदार पेरू. तो निवडला गेला आपल्या पुण्यात. १९२७ साली गणेशखिंडच्या फळ संशोधन केंद्रात डॉ. चीमा यांनी बियांपासून वाढवलेल्या रोपांतून एक उत्तम झाड हेरलं. आज लावली जाणारी त्याची सगळी कलमं त्या एका झाडाचीच लेकरं. कलम म्हणजे आईची हुबेहूब नक्कल. बियाचं रोप मात्र प्रत्येक वेळी नवीन. कधी तुरट निघेल, कधी सरदार निघेल. पाहिल्याशिवाय कळत नाही.

आप्पा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजी लखनौबी मुळात बियाचाच म्हनायचा!" त्यांनी कुदळ उचलली आणि झुडपापासून दहा-बारा पावलांवर, चराच्या त्याच पाण्याच्या वाटेवर, कलमांसाठी दोन खड्डे काढले. "ह्ये ऱ्हाऊ दे," झुडपाकडं हात करून म्हणाले, "पानी फुरलं तर फुरलं." ते पुरावं म्हणून मुलांनी आता ताटल्या एकाच बादलीत विसळायच्या आणि ते पाणी पाळीपाळीनं तिन्ही झाडांना घालायचं असं ठरवलंय.

तर मित्रांनो, तुमच्या अंगणात, बागेत, शाळेत पेरू असेलच. आधी त्याची डहाळी बोटांत फिरवून पाहा. नसेल तर रात्री दोन लवंगा भिजत घाला. आणि हो, एक कोडं देते. पुष्कळ शाळांच्या आणि कचेऱ्यांच्या दारात एक झाड असतं. त्याला बाटली धुवायच्या ब्रशासारखे लाल फुलोरे लोंबतात. त्या ब्रशाचे लाल तंतू म्हणजे फुलाचा कुठला भाग? त्याचं पान चुरगाळून हुंगा, उन्हाकडं धरा, भिंग लावा. एका खुणेवर थांबू नका. सगळ्या खुणा लावून पाहा आणि मग तुम्हीच ठरवा, पेरूच्या घरी लग्न निघालं तर या झाडाची पत्रिका कुठल्या यादीत लिहायची!